आधी सामने द्या, मग क्रमवारी विचारा

क्रिकेटच्या चर्चेत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आधी जिंकून दाखवा, मग दर्जा मागा.’ विश्वचषकातील संघ वाढवायचा विषय निघो किंवा नेपाळ, नेदरलँड्ससारख्या देशाने मोठ्या संघांकडे मालिका मागो, या वाक्याने विषय मिटवला जातो. वाहिन्यांवर ते ऐकू येते, क्रीडापानांवर वाचायला मिळते आणि चांगले जाणकार प्रेक्षकही ते मनापासून बोलतात. आंतरराष्ट्रीय क्रमवारी म्हणजे गुणवत्तेचा चोख हिशेब, ज्याच्यात दम आहे तो आपोआप वर येईल, अशी त्यामागची समजूत आहे.

ही समजूत खोटी आहे, आणि ती खोडून काढायला पुणेकराला फार लांब जावे लागत नाही.

२९ फेब्रुवारी १९९६ रोजी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर केनिया आणि वेस्ट इंडीज यांच्यात विश्वचषकाचा सामना झाला. केनियाचा तो पहिलाच विश्वचषक. संघ हौशी म्हणावा असा, बरेच जण नोकरीधंदा सांभाळून खेळणारे. समोर रिची रिचर्डसन, ब्रायन लारा, कर्टली अँब्रोज, कोर्टनी वॉल्श, इयन बिशप. केनियाचा डाव १६६ धावांत आटोपला. स्टीव्ह टिकोलोच्या २९ धावा ही त्यातली सर्वांत मोठी वैयक्तिक खेळी, आणि अवांतर धावा त्याहूनही जास्त. पण नंतर वेस्ट इंडीजचा डाव ३५.२ षटकांत ९३ धावांवर संपला. लाराला रजब अलीच्या गोलंदाजीवर यष्टिरक्षक तारिक इक्बालने झेलले, तेव्हा त्याच्या नावावर आठ धावा होत्या. कर्णधार मॉरिस ओडुंबेने फिरकी टाकत १५ धावांत तीन बळी घेतले आणि सामनावीराचा मान मिळवला. रजब अलीनेही तिघांना बाद केले. केनिया ७३ धावांनी जिंकला. या संघाचे प्रशिक्षण आपल्याच हनुमंत सिंग यांच्याकडे होते.

तो केवळ नशिबाचा दिवस होता असे म्हणणारे तेव्हाही होते. वेस्ट इंडीजने वाइड आणि नोबॉलची खैरात केली हे खरेच आहे. पण ९३ धावांत बाद होण्यामागे प्रतिस्पर्ध्याने टाकलेले नेमके चेंडू असतात, आणि हाच वेस्ट इंडीजचा संघ पुढच्या काही दिवसांत जयपूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकला आणि पुढे उपांत्य फेरीतही गेला. म्हणजे पुण्यात हरलेला संघ मोडकळीला आलेला नव्हता. शिवाय केनिया तिथे थांबला नाही. मे १९९८ मध्ये ग्वाल्हेरला त्यांनी भारताला ६९ धावांनी हरवले. ऑक्टोबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला पुन्हा भारतालाच ७० धावांनी. तेंडुलकर, गांगुली, द्रविड यांच्या काळातल्या भारताची ही गोष्ट आहे.

मग २००३ चा विश्वचषक आला. त्या वेळी केनियाचे प्रशिक्षक होते आपले संदीप पाटील. नैरोबीला केनियाने श्रीलंकेला ५३ धावांनी हरवले. कॉलिन्स ओबुया या लेगस्पिनरने २४ धावांत पाच बळी घेतले. मग बांगलादेशाला हरवले, सुपर सिक्समध्ये झिम्बाब्वेला सात गडी राखून हरवले आणि केनिया उपांत्य फेरीत पोहोचला. डर्बनला भारताने त्यांचा ९१ धावांनी पराभव केला, तेव्हा कसोटी दर्जा नसलेला पहिला देश विश्वचषकाच्या शेवटच्या चार संघांत जाऊन आला होता. न्यूझीलंडने सुरक्षेचे कारण देऊन नैरोबीला जायचे नाकारले आणि केनियाला फुकट गुण मिळाले, हा आक्षेप आजही काढला जातो. त्या गुणांचा फायदा झालाच. पण श्रीलंकेचे दहा गडी कोणी फुकट दिले नव्हते.

‘आधी जिंकून दाखवा’ म्हणणाऱ्यांनी याहून अधिक काय दाखवायला हवे होते ते सांगावे. १९९६ ते २००३ या सात वर्षांत या देशाने दोन माजी विश्वविजेत्यांना विश्वचषकात हरवले, भारताला दोनदा हरवले, उपांत्य फेरी गाठली. कसोटी दर्जासाठी अर्जही केला. त्या बदल्यात त्याला मिळाले काय? उपांत्य सामन्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत केनियाच्या वाट्याला आलेले एकदिवसीय सामने बोटांवर मोजता येतील इतके कमी होते. मोठ्या देशांच्या दौऱ्यांच्या वेळापत्रकात नैरोबी नव्हतेच. टिकोलो हा जगातल्या कोणत्याही संघात शोभला असता असा फलंदाज, त्याची उमेदीची वर्षे सामन्यांची वाट पाहण्यात गेली. २०१४ मध्ये केनियाचा एकदिवसीय दर्जाही गेला.

इथे प्रतिपक्षाकडे एक भक्कम उत्तर आहे आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. केनियाने स्वतःच स्वतःचे वाटोळे केले, असे ते म्हणतात. ओडुंबेवर ऑगस्ट २००४ मध्ये सट्टेबाजांशी संबंधांबद्दल पाच वर्षांची बंदी आली. तिथल्या क्रिकेट संघटनेत पैशांचे घोटाळे होते, मानधनासाठी खेळाडूंना संप करावे लागले, शेवटी २००५ मध्ये ती संघटनाच बाजूला सारून नवी उभी करावी लागली. नैरोबीबाहेर खेळ पोहोचला नाही, नवी पिढी घडली नाही. यातले एकही वाक्य मी नाकारत नाही.

पण याच काळात इतरत्र काय चालले होते? २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएने सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याची कबुली दिली. आपल्याकडेही त्याच वर्षी नामवंत खेळाडूंवर बंदी आली. २०१० मध्ये पाकिस्तानचे तीन खेळाडू लॉर्ड्सवर ठरवून नोबॉल टाकण्याच्या प्रकरणात सापडले आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. श्रीलंकेच्या मंडळाला तर सरकारी हस्तक्षेपामुळे नोव्हेंबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने (आयसीसी) निलंबित केले. या देशांचे सामने थांबले का? कोणी म्हटले का, की आता दक्षिण आफ्रिकेने पुन्हा खालून सुरुवात करावी? श्रीलंकेचा संघ तर निलंबनाच्या काळातही खेळतच होता. मोठ्या देशात घोटाळा झाला की मंडळ सुधारायची चर्चा होते. लहान देशात झाला की देशच हिशेबातून वजा होतो. केनियाची संघटना सडलेली होती हे तिथल्या कारभाऱ्यांवर कारवाई करण्याचे कारण होते. टिकोलो, ओडोयो, सुजी या खेळाडूंना सामने न देण्याचे कारण ते कधीच नव्हते. आणि ज्या संघटनेच्या तिजोरीत दौऱ्यांचा आणि प्रक्षेपणाचा पैसा नियमित येत नाही, तिथे चांगली माणसे टिकत नाहीत, हेही आपल्याला गावोगावच्या क्रीडासंस्थांवरून चांगले ठाऊक आहे.

आता क्रमवारीकडे येऊ. तिच्यावर लोकांची एवढी श्रद्धा आहे की आतले गणित कोणी पाहत नाही. एकदिवसीय क्रमवारीत प्रत्येक संघाचे एक गुणांकन असते. सामन्यापूर्वी दोन संघांच्या गुणांकनात ४० पेक्षा कमी अंतर असेल, तर जिंकणाऱ्याला त्या सामन्याचे गुण मिळतात प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकनापेक्षा ५० अधिक, आणि हरणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकनापेक्षा ५० कमी. अंतर ४० किंवा त्याहून मोठे असेल तर हिशेब बदलतो. वरचा संघ जिंकला तर त्याला स्वतःच्या गुणांकनाहून १० अधिक आणि खालच्याला स्वतःच्याहून १० कमी. खालचा जिंकला तर त्याला स्वतःच्याहून ९० अधिक आणि वरच्याला ९० कमी. या गुणांची सरासरी म्हणजे संघाचे गुणांकन. जुन्या सामन्यांचे वजन ठरावीक काळाने निम्मे होते आणि मग ते हिशेबातून जातात.

कागद-पेन्सिल घेऊन हे एकदा करून पाहावे. समजा एका संघाचे गुणांकन ४० आणि दुसऱ्याचे ३०. पहिला जिंकला तर त्याला ८० गुण, दुसऱ्याला उणे १०. बेरीज ७०. दुसरा जिंकला तर त्याला ९० आणि पहिल्याला उणे २०. बेरीज पुन्हा ७०. आता ११० गुणांकनाच्या संघाची ४० च्या संघाशी गाठ घालू. मोठा जिंकला तर १२० आणि ३०, लहान जिंकला तर १३० आणि २०. दोन्ही वेळा बेरीज १५०. म्हणजे कोणत्याही सामन्यात दोन्ही संघांना मिळून वाटले जाणारे गुण आधीच ठरलेले असतात. दोघांच्या गुणांकनाच्या बेरजेइतके. सामना फक्त ते कोणाकडे किती जाणार हे ठरवतो.

याचा अर्थ साधा आहे, पण तो मला कुठल्याही क्रीडापानावर वाचायला मिळालेला नाही. आठ-दहा लहान संघांना एका कोंडवाड्यात घालून आपापसांतच खेळायला लावले, तर त्या सगळ्यांची मिळून सरासरी, ढोबळ मानाने, वर चढूच शकत नाही. एक संघ वर गेला तर दुसरा खाली येणार. त्यांचा खेळ दुपटीने सुधारला, त्यांचे गोलंदाज ताशी दहा किलोमीटरने वेगवान झाले, क्षेत्ररक्षण सुधारले, तरी क्रमवारीला ते दिसणार नाही. दिसण्याचा मार्ग एकच : वरच्या गटातल्या संघांशी सामने. आणि त्या सामन्यात मोठ्या संघाला मिळवायचे असतात १० आणि गमवायचे असतात ९०. वेळापत्रक कोण ठरवतो? तोच मोठा संघ, किंबहुना त्याचे मंडळ. ज्याच्या हातात दार आहे त्यालाच दार उघडले तर नुकसान होण्याची भीती आहे. अशा व्यवस्थेतून निघालेल्या आकड्याला गुणवत्तेचा निखळ हिशेब म्हणणे मला पटत नाही.

हा दोष कागदावरचा नाही, त्याने माणसांचे प्रत्यक्ष नुकसान केले आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हरारेला महिला विश्वचषकाची पात्रता स्पर्धा चालू होती. थायलंडच्या मुलींनी २५ नोव्हेंबरला बांगलादेशाला हरवले. दोन दिवसांनी करोनाच्या नव्या प्रकारामुळे स्पर्धा अर्धवट थांबवण्यात आली. मग विश्वचषकाच्या उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या? आयसीसीने उत्तर दिले : एकदिवसीय क्रमवारीप्रमाणे. थायलंडला एकदिवसीय दर्जाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या सामन्यांची क्रमवारीत नोंद नव्हती. त्यांना क्रमवारीत जागाच नव्हती, मग क्रमवारीप्रमाणे त्यांना जागा मिळणार कशी? ज्या बांगलादेशाला त्यांनी मैदानावर हरवले तो विश्वचषकाला गेला आणि त्या घरी परतल्या. पुढे मे २०२२ मध्ये थायलंडला तो दर्जा देण्यात आला, तेव्हा तो विश्वचषक होऊन गेला होता. बांगलादेशाच्या मुलींचा यात काहीच दोष नाही. पण ‘आधी जिंकून दाखवा’ हे वाक्य ज्यांना न्याय्य वाटते, त्यांनी ते थायलंडच्या त्या अकरा जणींसमोर उभे राहून उच्चारता येईल का, याचा विचार करावा.

एकतर्फी सामन्यांचा मुद्दाही वारंवार येतो. लहान संघ आले की सामने कंटाळवाणे होतात, प्रेक्षक येत नाहीत. याला २०२३ च्या विश्वचषकाचेच उत्तर आहे. २ नोव्हेंबरला वानखेडेवर श्रीलंका भारताविरुद्ध ५५ धावांत गारद झाली. तीन दिवसांनी ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिका ८३ धावांत. त्याच स्पर्धेत नेदरलँड्सने धरमशाळेला दक्षिण आफ्रिकेला आणि कोलकात्याला बांगलादेशाला हरवले होते. अफगाणिस्तानने इंग्लंड, पाकिस्तान आणि श्रीलंका या तिन्ही माजी विजेत्यांना धूळ चारली. त्यातला श्रीलंकेवरचा विजय ३० ऑक्टोबरला आपल्या पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावरचा. फझलहक फारुकीचे चार बळी आणि मग रहमत शाह, हशमतुल्ला शाहिदी, अझमतुल्ला उमरझाई यांच्या शांत अर्धशतकी खेळ्या. २४२ धावांचे आव्हान त्यांनी सात गडी राखून पार केले आणि कुठेही घाई केली नाही. क्रिकेट कसे खेळावे याचा तो वस्तुपाठ होता. त्या स्पर्धेत एकतर्फी हरलेल्यांची यादी करायची तर तीत सगळेच आहेत. श्रीलंकेला काढून टाका असे कोणी म्हणाले नाही, आणि म्हणूही नये.

गहुंजेला त्याच स्पर्धेत ८ नोव्हेंबरला इंग्लंड आणि नेदरलँड्स खेळले. पुढच्या चॅम्पियन्स करंडकाची पात्रता त्या विश्वचषकातील क्रमांकांवर ठरणार होती, त्यामुळे नेदरलँड्सच्या दृष्टीने तो फार मोलाचा सामना होता. बेन स्टोक्सने शतक केले, इंग्लंडने ३३९ धावा उभारल्या, नेदरलँड्स १६० धावांनी हरले आणि तक्त्यात शेवटी राहिले. याकडे बोट दाखवून ‘पाहा’ म्हणणारे भेटतात. मी त्यांना आणखी मागे पाहायला सांगतो. नेदरलँड्सचा हा संघ विश्वचषकापर्यंत पोहोचला कसा? २०२० ते २०२३ या काळात आयसीसीने तेरा संघांची एकदिवसीय सुपर लीग चालवली. कसोटी दर्जा असलेले बारा पूर्ण सदस्य आणि तेरावा नेदरलँड्स. मोठ्या संघांना त्यांच्याशी खेळणे भाग होते, कारण ते वेळापत्रकातच होते. नेदरलँड्स त्यातले बहुतेक सामने हरले आणि तळाला राहिले. ‘आधी जिंकून दाखवा’च्या निकषाने तो प्रयोग फसलाच म्हणायचा. पण त्या हरण्यातून काय शिकले गेले ते २०२३ च्या जूनमध्ये हरारेच्या विश्वचषक पात्रता स्पर्धेत दिसले. वेस्ट इंडीजने ३७४ धावा केल्या, नेदरलँड्सने बरोबरी साधली आणि सुपर ओव्हरमध्ये लोगन व्हॅन बीकने एकट्याने ३० धावा फटकावून सामना काढला. काही दिवसांतच स्कॉटलंडनेही वेस्ट इंडीजला हरवले आणि दोनदा जग जिंकलेला तो संघ विश्वचषकाबाहेर राहिला.

हा प्रयोग यशस्वी होतोय असे दिसू लागले, तेव्हाच तो बंद करण्यात आला. सुपर लीग पुन्हा झाली नाही. नेदरलँड्स आता सहयोगी, म्हणजे कसोटी दर्जा नसलेल्या, देशांच्या लीग दोन स्पर्धेत स्कॉटलंड, नेपाळ, नामिबिया, ओमान, अमेरिका, कॅनडा आणि संयुक्त अरब अमिरातीबरोबर खेळतात. वर सांगितलेल्या गणिताप्रमाणे तिथे ते कितीही चांगले खेळले तरी एकमेकांचेच गुण काढून घेणार. माझ्या दृष्टीने गेल्या दहा वर्षांत क्रिकेटच्या कारभाऱ्यांनी घेतलेला हा सर्वांत वाईट निर्णय होता, आणि त्यावर आपल्याकडे जवळपास कोणीच आवाज उठवला नाही.

विश्वचषकाचेही तसेच. २००७ मध्ये सोळा संघ, २०११ आणि २०१५ मध्ये चौदा, नंतर २०१९ आणि २०२३ मध्ये फक्त दहा. २०२७ साठी पुन्हा चौदा होणार आहेत, हे बरेच म्हणायचे. टी-२० मध्ये मात्र दार थोडे अधिक उघडले. २०१९ पासून सर्व सदस्य देशांना पुरुषांच्या टी-२० चा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, २०२४ च्या विश्वचषकात वीस संघ आले. आणि लगेच काय घडले? ६ जून २०२४ ला डॅलसमध्ये अमेरिकेने पाकिस्तानला सुपर ओव्हरमध्ये हरवले. ती ओव्हर टाकणारा सौरभ नेत्रावळकर हा मुंबईत वाढलेला, भारताच्या एकोणीस वर्षांखालील संघातून विश्वचषक खेळलेला, मुंबईकडून रणजी खेळलेला आणि पुढे अमेरिकेत संगणक अभियंता म्हणून नोकरी करणारा मराठी मुलगा. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये शारजाला नेपाळने वेस्ट इंडीजविरुद्धची टी-२० मालिकाच जिंकली. त्याच वर्षी इटली टी-२० विश्वचषकासाठी पात्र ठरला. दार उघडले की माणसे आत येतात, याला आणखी कोणता पुरावा लागतो?

सगळ्यात जास्त खटकते ती आपली स्मृती. ‘आधी जिंकून दाखवा’ हे वाक्य भारताला कोणी लावले असते, तर आज आपण कुठे असतो?

१९२६ च्या डिसेंबरमध्ये आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबईत होता. हिंदू संघाकडून सी. के. नायडूंनी १५३ धावांची तुफानी खेळी केली आणि त्यानंतर अखिल भारतीय संघाकडून पुण्याच्या दि. ब. देवधरांनी १४८. देवधर स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवत. त्या खेळ्या पाहून गिलिगन यांना भारत कसोटीला लायक आहे असे वाटले, त्यांनी तसे सांगितले, भारतीयांना मंडळ स्थापन करायला उत्तेजन दिले. १९२८ मध्ये मंडळ उभे राहिले, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर पहिली कसोटी झाली. देवधर तोवर चाळिशीला पोहोचले होते, त्यांना त्या संघात जागा मिळाली नाही. ज्यांच्या बॅटीने दार ठोठावले ते स्वतः आत जाऊ शकले नाहीत. आत जायला लागलेल्या उशिराची ही किंमत.

आणि त्या दर्जाआधी भारताने जिंकले काय होते? काही झुंजार डाव आणि खूप मोठी शक्यता, एवढेच. पहिला कसोटी विजय मिळाला फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला, पंचविसाव्या कसोटीत. वीस वर्षे लागली. न्यूझीलंडला तर सव्वीस वर्षे आणि पंचेचाळीस कसोटी. बांगलादेशाला पस्तीस. कोणी त्यांना मधेच उठवून बाहेर काढले नाही. हरत हरत ते शिकले आणि शिकले म्हणून जिंकले. बांगलादेशाला २००० मध्ये दर्जा मिळाला ते योग्यच झाले. त्याच वेळी तो केनियालाही मिळायला हवा होता.

पुण्याच्या इतिहासात याहून जुनी एक गोष्ट आहे. पळवणकर बाळू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या गोऱ्यांच्या क्लबमध्ये महिना चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टी लाटायची, जाळे बांधायचे आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करायची. इंग्रजांना त्यांची डावरी फिरकी हवी होती, पण त्यांच्या हातात बॅट द्यायची नव्हती. पुण्याच्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा मात्र त्यांना मैदानाबाहेर वेगळ्या भांड्यात दिला जाई. १९११ मध्ये याच बाळूंनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. जातीचा अन्याय आणि क्रिकेट मंडळांचे वेळापत्रक यांची बरोबरी मी करत नाही, दोन्हींचे वजन वेगळे आहे. पण ज्याला मैदानावर येऊ द्यायचे नाही त्याच्याकडेच कर्तृत्वाचा पुरावा मागायचा, ही रीत कोणाच्या सोयीची असते हे या शहराला तरी नव्याने समजावून सांगावे लागू नये.

पैशाचा मुद्दा शेवटी येतोच. २०२४ ते २०२७ या काळातील आयसीसीच्या उत्पन्नाच्या वाटपाचे जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांनुसार भारताच्या मंडळाला साडेअडतीस टक्के मिळतात आणि नव्वदहून अधिक सहयोगी देशांना मिळून सुमारे अकरा टक्के. पैसा भारतातून येतो, मग भारताने जास्त का घेऊ नये, असे विचारले जाते. जास्त घ्यावे, मला हरकत नाही. पण ज्याच्याकडे पैसा आणि वेळापत्रक दोन्हींची सत्ता आहे, त्याने नेपाळ का वर येत नाही असा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर त्याच्याच हातात आहे. आणि ते देता येते, हे भारताने करून दाखवलेले आहे. अफगाणिस्तानला घरचे मैदान नव्हते तेव्हा ग्रेटर नोएडा, डेहराडून आणि लखनौ त्यांची घरची मैदाने झाली. मुंबईचे लालचंद राजपूत त्यांचे प्रशिक्षक असताना, जून २०१७ मध्ये, त्यांना पूर्ण सदस्यत्व मिळाले. जून २०१८ ची त्यांची पहिली कसोटी बंगळूरला झाली, ती ते दोन दिवसांत हरले. पाच वर्षांनी गहुंजेला ते कसे खेळले ते वर सांगितलेच आहे. त्या देशाच्या मुलींना मात्र खेळायला संघच उरलेला नाही, आणि दर्जा देताना आयसीसीने महिला संघाची अट का पाळून घेतली नाही हा प्रश्न मी सोडू इच्छित नाही. दर्जा द्यायचा तो स्त्री-पुरुष दोघांच्या क्रिकेटसाठी.

लहान देशांना सामने देण्यासाठी महाराष्ट्र क्रिकेट संघटनेने दिल्ली-मुंबईच्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. कर्नाटकाचा संघ २०२३ मध्ये नामिबियात जाऊन एकदिवसीय सामने खेळून आला. २०२४ मध्ये नेपाळने वापीला गुजरात आणि बडोद्याबरोबर तिरंगी टी-२० मालिका खेळली. या सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा नसतो, गुण मिळत नाहीत. पण रणजीच्या गोलंदाजांना सामोरे गेलेला फलंदाज पुढच्या पात्रता स्पर्धेत वेगळा दिसतो. गहुंजेचे मैदान वर्षातले बरेच महिने मोकळे असते. रणजीपूर्वीच्या सप्टेंबरमध्ये दोन सहयोगी देशांना तिथे बोलवावे, महाराष्ट्राच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी त्यांच्याशी पन्नास षटकांचे आणि तीन दिवसांचे सामने खेळावेत. पुण्यातल्या हॉटेलांच्या भटारखान्यांत आणि सोसायट्यांच्या फाटकांवर राबणारी नेपाळी माणसे तिकीट काढून येतील, याबद्दल मला शंका नाही.

भारतीय मंडळाकडून मात्र मागायचे ते वेगळे. प्रत्येक पूर्ण सदस्याने चार वर्षांत किमान दोन सहयोगी देशांशी एकदिवसीय मालिका खेळलीच पाहिजे, त्यातली एक त्यांच्या मैदानावर, आणि न खेळल्यास आयसीसीच्या वाट्यातून रक्कम कापून ती त्या देशांना द्यावी, असा ठराव आयसीसीपुढे मांडायची ताकद आज एकाच मंडळात आहे. तो ठराव मांडला जाईपर्यंत ‘आधी जिंकून दाखवा’ हे वाक्य भारतीयांनी तरी उच्चारू नये.